पोर्ट ब्लेअर हे वाटेवरचे ठाणे नव्हे: चार दिवसांच्या मुक्कामाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत पोर्ट ब्लेअरला चार दिवसांचा मुक्काम ठरला आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी आहे. आईंचे गुडघे दुखत असल्यामुळे हॅवलॉक-नील या बेटांची धावपळ आपल्याला नको आहे, पण ज्यांना विचारावे ते 'पोर्ट ब्लेअरला एक दिवस पुरतो' असेच सांगतात. मग चार दिवस करायचे काय, कोणत्या क्रमाने करायचे आणि बाराटांग बेटावर जावे की नाही, असे आपण विचारले आहे.

गेली सोळा वर्षे मी दहा-बारा जणांच्या लहान सहली अंदमानला नेते आणि त्यांत ज्येष्ठ मंडळी नेहमीच असतात. त्या अनुभवावरून सांगते, चार दिवस देण्याचा आपला विचार योग्य आहे. एक दिवस पुरतो असे वाटते, कारण बहुतेक सहलींमध्ये विमानतळावरून थेट सेल्युलर जेल, तिथून बाजार आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची हॅवलॉकची बोट असा क्रम असतो. पोर्ट ब्लेअर हे एका मोठ्या नैसर्गिक बंदराभोवती वाढलेले गाव आहे. चॅथम, रॉस, व्हायपर ही बेटे, पलीकडच्या किनाऱ्यावरची टेकडी आणि अलीकडच्या उंचवट्यावरचा तुरुंग ही सगळी एकाच बंदराची अंगे आहेत आणि त्यांतली बरीचशी एकमेकांवरून दिसतात. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येकाचे छायाचित्र मिळते. जोडून पाहिली तर गाव कळते. (गावाचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजय पुरम झाले. रॉसचे नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप. बोटवाले आणि रिक्षावाले अजून जुनी नावेच वापरतात, म्हणून मीही इथे तीच वापरते. तिकिटांवर मात्र नवी नावे दिसतील.)

क्रम सांगण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, तरी वारा सुटला तर बंदरखाते छोट्या बोटी बंद ठेवते आणि त्यावर कोणाचाही इलाज चालत नाही. वंडूरचे समुद्री उद्यान सोमवारी बंद असते, चॅथमची सॉ मिल, म्हणजे लाकूड कापण्याची गिरणी, रविवारी बंद असते आणि संग्रहालयांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या असतात. त्यामुळे आपण कोणत्या वारी उतरता त्यावर दिवसांची अदलाबदल करावी लागेल. आईंना किती पायऱ्या झेपतात, याचा अंदाज त्यांनी स्वतःच द्यावा. आई-वडिलांच्या वतीने मुलांनी दिलेला अंदाज बहुतेक वेळा चुकतो, एक तर फार धास्तीने किंवा फार उत्साहाने.

आता उजेडाविषयी. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक घड्याळाची असते. अंदमान आपल्यापासून फार पूर्वेला आहे, पण घड्याळ भारताचेच आहे. त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जानेवारीच्या मध्यालाही साडेपाचपर्यंत दिवस संपतो. माझ्या दुसऱ्याच सहलीत जेवण आणि वामकुक्षी आटोपून चारला आम्ही सूर्यास्त पाहायला चिडिया टापूकडे निघालो आणि पोहोचलो तेव्हा समोर काळा समुद्र होता. तेव्हापासून माझा नियम असा आहे की दिवसाची सुरुवात सहाला करायची, दुपारी बारा ते दोन पूर्ण विश्रांती घ्यायची आणि सूर्यास्ताच्या ठिकाणासाठी अडीचला गाडी हलवायची. ज्येष्ठांना हे वेळापत्रक सोसते, कारण एरवीही ती मंडळी पहाटेच उठलेली असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपण कोकणातल्या असाल तर तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब घरात ऐकला असेल. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांच्या तिथी अंदमानातही त्याच असतात, कारण चंद्र एकच आहे. पण भरतीची घटका प्रत्येक बंदराची वेगळी असते, त्यामुळे रत्नागिरीचा हिशेब तिथे लावू नये. पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे कोष्टक निघण्यापूर्वी पाहून ठेवावे आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे ध्यानात ठेवावे. उधाणाच्या दिवसांतल्या पूर्ण ओहोटीला प्रवाळ पाहायला जाऊ नये. पाणी इतके उथळ होते की पोहणाऱ्याचे पाय आणि बोटीचा तळ दोन्ही प्रवाळाला लागतात, आणि उतरण्या-चढण्याची जागाही ज्येष्ठांसाठी अवघड होते.

पहिला दिवस येण्याचा. सकाळचे विमान असेल तर दुपारपर्यंत काहीही करू नका. अडीचला चिडिया टापूला निघा. गावापासून दक्षिणेला सुमारे पंचवीस किलोमीटरचा रस्ता आहे आणि तो स्वतःच पाहण्यासारखा आहे, कारण काही ठिकाणी एका बाजूला तिवरांचे दाट बन आणि दुसऱ्या बाजूला उंच सदाहरित जंगल असे दोन्ही एकाच खिडकीतून दिसते. तिथल्या पक्ष्यांपैकी काही फक्त याच बेटांवर आढळतात. अंदमानी सुतार हा काळा, लाल तुऱ्याचा मोठा सुतारपक्षी आणि आपल्या भारद्वाजाचा फिकट तपकिरी भाऊबंद असलेला अंदमानी भारद्वाज हे दोन्ही मला तिथे अनेकदा दिसले आहेत. मुलीच्या हातात दुर्बीण द्या. मुंडा पहाडची पायवाट आईंनी टाळावी. वडील आणि मुलगी थोडे अंतर जाऊन येऊ शकतील. पाण्यात मात्र कोणीही उतरू नये, कारण दक्षिण अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. ज्या किनाऱ्यांवर जाळी लावून पोहण्याची जागा राखलेली आहे तिथेच, आणि जाळीच्या आतच, पाण्यात जावे. इशाऱ्याचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बंदराची गोष्ट तिच्या मुळापासून सुरू करा, म्हणजे चॅथमपासून. हे पुलाने जोडलेले छोटेसे बेट आहे. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पहिली वसाहत वसवली. ती काही वर्षांतच उत्तरेकडे हलवली गेली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये मोडली. पुढे १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, डॉ. वॉकर हा इंग्रज अधिकारी दोनशे कैद्यांना घेऊन याच ठिकाणी उतरला. सेल्युलर जेल बांधून पूर्ण होण्याच्या जवळपास पन्नास वर्षे आधी काळे पाणी सुरू झाले होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पहिल्या कैद्यांना तुरुंगच नव्हता. त्यांना जंगल तोडायला लावले गेले आणि समुद्र हीच भिंत होती. चॅथमची सॉ मिल १८८३ ची आहे. तिथे पडौक या झाडाचा लालबुंद ओंडका करवतीखाली जाताना दिसला तर मुलीला तो थांबून पाहू द्या, आणि १९४२ मध्ये पडलेल्या बॉम्बचा खड्डाही आवारातच आहे.

चॅथमच्याच धक्क्यावरून बांबू फ्लॅटला जाणारी फेरी मिळते. अंतर थोडे आहे, फेरीवर गाड्याही चढतात, आणि आईंना बोटीचा अंदाज येण्यासाठी ही पहिली बोट उत्तम आहे. पलीकडे गाडीने माउंट हॅरिएटवर जाता येते. २०२१ पासून त्याचे नाव माउंट मणिपूर आहे, कारण १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे बंदिवासात ठेवले होते. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. जाताना घरातली जुनी, तांबूस रंगाची वीस रुपयांची नोट आठवणीने सोबत घ्या. तिच्या मागच्या बाजूवरचे नॉर्थ बेचे दीपगृह आणि माडांचे दृश्य इथूनच दिसते. मुलांना नोट आणि देखावा शेजारी शेजारी धरून पाहताना जो आनंद होतो तो मी दरवेळी नव्याने अनुभवते.

याच टेकडीशी एक मोठी घटना जोडलेली आहे. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे सूर्यास्त पाहून खाली उतरला आणि काळोख पडताना पायथ्याच्या होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला भोसकून ठार केले. पुढच्याच महिन्यात शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी दिली गेली. टेकडीवर उभे राहून हे सांगितले की ऐकणाऱ्याची नजर आपोआप खाली पाण्याकडे वळते आणि बंदराचा नकाशा त्याच्या मनात बसतो. व्हायपरची बोट त्या दिवसांत तिथे उतरवते की नुसती वळसा घालते, हे धक्क्यावर विचारून घ्या. तिथे लाल विटांच्या फाशीघराचे अवशेष आहेत, पण जाणे झाले नाही तरी हुरहुर वाटू देऊ नका.

तिसरा दिवस समुद्रासाठी राखा. हवामान बिघडले तर तो चौथ्या दिवसाशी बदलता यावा, म्हणून मी समुद्र कधीही शेवटच्या दिवसावर ढकलत नाही. वंडूर हे पोर्ट ब्लेअरपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. हे नाव मूळचे मलबारातले. १९२१ च्या मोपला उठावानंतर इथे पाठवल्या गेलेल्या लोकांनी मंजेरी, कालिकत, वंडूर ही आपल्या गावांची नावे दक्षिण अंदमानात वसवली. वाटेत सिप्पीघाटला गाडी नक्की थांबवा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली. लाट आली आणि परतली, पण जमीन वर आली नाही. त्यामुळे जिथे भातशेती होती तिथे समुद्राचे पाणी कायमचे शिरले. कोकणातल्या माणसाला खाजण म्हणजे काय ते माहीत असते, पण इथले खाजण एका सकाळीत तयार झाले. रस्त्याच्या कडेला अजूनही मेलेल्या झाडांचे बुंधे पाण्यात उभे दिसतात आणि त्यांच्यामध्ये बगळे, जांभळे बगळे आणि नशीब असेल तर अंदमानी बदके चरत असतात. त्सुनामी म्हणजे नुसती लाट असे समजणाऱ्या मुलीला जमिनीचे हे खचणे इथे डोळ्यांनी दिसेल. याच भूकंपात बेटांच्या उत्तर टोकाकडे जमीन उलट वर उचलली गेली आणि तिथले प्रवाळ उघडे पडून मेले.

वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात पंधरा बेटे आहेत, पण पर्यटकांना ऋतूनुसार जॉली बॉय किंवा रेड स्किन यांपैकी एकच बेट खुले असते. जानेवारीत ते जॉली बॉय असते. रोजची संख्या मर्यादित असल्याने परवाना आदल्या दिवशीच काढावा. प्लास्टिक नेण्यास मनाई आहे, म्हणून स्टीलच्या बाटल्या आणि घरचे डबे घ्यावेत. आईंच्या दृष्टीने खरी अडचण पुढेच आहे: जॉली बॉयला धक्का नाही. मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरावे लागते आणि तिच्यातून वाळूवर. हात द्यायला माणसे असतात, तरी गुडघा वाकवून उतरण्याला पर्याय नाही. माझ्या सहलींत अशा वेळी दोघे-तिघे वंडूरच्या किनाऱ्यावर झाडाखाली निवांत बसतात आणि बाकीचे जाऊन येतात. बसणाऱ्यांना त्याचे वाईट वाटू नये एवढी काळजी घ्यावी. आईंना प्रवाळ दाखवायचेच असतील, तर नॉर्थ बेला काचतळाच्या बोटींची सोय आहे. पण तिथे गर्दी असते आणि पाणी वंडूरइतके स्वच्छ मला क्वचितच मिळाले आहे.

प्रवाळाविषयी आधीच सांगणे भाग आहे. जाहिरातींतले रंग प्रत्यक्षात दिसतीलच असे नाही. प्रवाळाच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग देते. पाणी फार दिवस नेहमीपेक्षा गरम राहिले की ते शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यानंतरही झाले आहे. काही ठिकाणी प्रवाळ सावरला आहे, काही ठिकाणी नुसता दगडी सांगाडा उरला आहे आणि त्यावर मासे फिरतात. एका सहलीत एका नावाड्याने छायाचित्रासाठी पर्यटकांना जिवंत प्रवाळावर उभे राहायला सांगितले होते. मी सर्वांना वर यायला लावले आणि त्या दिवसाचे पोहणे तिथेच थांबवले. कोणीही असे सुचवले तर आपण स्पष्ट नकार द्या. एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते.

चौथा दिवस रॉस आणि सेल्युलर जेल यांचा, आणि तोही याच क्रमाने. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एकीने रॉसला जा. हे बेट इतके लहान आहे की तासाभरात फेरी होते. ज्येष्ठांसाठी बॅटरीवरची गाडी मिळते का, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. १९४१ पर्यंत अंदमानचा कारभार या बेटावरून चालत असे. मुख्य आयुक्ताचे निवासस्थान, बेकरी, छापखाना, पोहण्याचा तलाव, टेनिसचे मैदान, चर्च असे सगळे इथे होते आणि ते कैद्यांच्या श्रमाने उभे राहिले होते. जून १९४१ च्या भूकंपाने इमारती खिळखिळ्या झाल्या, मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि त्यानंतर ते बेट पुन्हा कधी वसले नाही. आज वडाच्या जातीच्या झाडांच्या मुळ्यांनी भिंती कवटाळून धरल्या आहेत. काही भिंती आता त्या मुळ्यांच्याच आधाराने उभ्या आहेत. हरणे आणि मोर माणसाला बिचकत नाहीत, पण त्यांना खाऊ घालू नये.

दुपारची विश्रांती घेऊन अडीचच्या सुमारास जेलमध्ये शिरा. सकाळी साहेबाचा पोहण्याचा तलाव पाहिलेला असतो, त्यामुळे कोठडीत पाऊल टाकताना काय तुलना करायची ते कोणाला सांगावे लागत नाही. जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली शाखा निघत होत्या. आज त्यांपैकी तीनच उरल्या आहेत आणि पाडलेल्या शाखांच्या जागी रुग्णालय आहे. रचना नीट पाहा: एका शाखेचे दरवाजे दुसऱ्या शाखेच्या पाठीकडे उघडतात, त्यामुळे समोरासमोर कोणालाच कोणी दिसत नसे. दाराची कडी भिंतीतल्या खोबणीत इतकी दूर आहे की आतल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. मुलीला हे स्वतः करून पाहू द्या. आईंनी तळमजल्यावरच्या कोठड्या पाहाव्यात; त्या वरच्यांसारख्याच आहेत.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, शाखेच्या टोकाला आहे. ते ४ जुलै १९११ रोजी इथे आले आणि १९२१ पर्यंत इथे होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते आणि तरीही दोघांची भेट बराच काळ होऊ दिली गेली नाही. मराठी माणूस त्या कोठडीत हात जोडतो, त्याचे डोळे भरतात, हे मी प्रत्येक सहलीत पाहिले आहे आणि माझेही भरतात. पण अनेकजण तेवढेच पाहून परत फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावे कोरलेली आहेत. ती थांबून वाचा. त्यांत सर्वाधिक नावे बंगालची आहेत आणि त्याखालोखाल पंजाबची. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी छळ असह्य होऊन आत्महत्या केली, उल्लासकर दत्त यांचे मानसिक संतुलन ढळले. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने नाकातून नळी घालून दूध पाजताना महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोईत्रा यांचे प्राण गेले. कोलूचा घाणा पाहताना रोजचे ३० पौंड खोबरेल काढण्याची सक्ती होती, एवढा एकच आकडा सांगा. जपानी अमलात हाच तुरुंग पुन्हा भरला, डॉ. दिवाण सिंह यांना इथेच हाल करून मारले गेले आणि ३० जानेवारी १९४४ रोजी हमफ्रीगंजला चव्वेचाळीस जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या बरोबर एक महिना आधी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी याच गावात तिरंगा फडकवला होता. या दोन्ही गोष्टी एका महिन्याच्या अंतराने घडल्या आणि गावातल्या जुन्या कुटुंबांना दोन्ही लक्षात आहेत.

संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम जेल पाहिल्यावरच पाहावा. हिंदी खेळाची तिकिटे आधी काढून ठेवा आणि आईंसाठी कडेची खुर्ची धरा.

आता बाराटांग. तिथली चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास निघून जिरकटांगच्या फाटकावर गाड्यांच्या ताफ्याची वाट पाहावी लागते आणि पुढचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. एवढे एकच कारण आपल्या आईंसाठी पुरेसे आहे, पण माझे कारण दुसरे आहे. जारवा साधारण १९९७-९८ पासून बाहेरच्या लोकांना सामोरे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. बाहेरून आलेल्या रोगाशी लढण्याची शक्ती त्यांच्या शरीरात नसते. या रस्त्याचा तो भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. मी पूर्वी एकदा त्या ताफ्यातून गेले आहे. पुढच्या गाडीतून कोणीतरी रस्त्याकडेच्या मुलांकडे बिस्किटे भिरकावली आणि गाडीतले सगळे खिडक्यांना चिकटले. माणसांना असे पाहायला मी पुन्हा कोणालाही नेलेले नाही. समुद्रमार्गाची बोट सुरू असेल आणि समुद्र सोसत असेल तर त्याने जाता येते. नसेल तर बाराटांग सोडून द्यावे.

त्याऐवजी, परतीच्या दिवशी विमानापूर्वी दोन तास मिळत असतील तर मानववंशशास्त्रीय संग्रहालय पाहा. ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा, सेंटिनेली, निकोबारी आणि शोम्पेन या जमातींच्या होड्या, टोपल्या, बाण तिथे नीट मांडलेले आहेत. ग्रेट अंदमानी लोकांची बो ही भाषा बोलणाऱ्या शेवटच्या आजी, बोआ सीनिअर, २०१० मध्ये याच गावात वारल्या. त्यानंतर अॅबर्डीन बाजारात एक फेरी मारा. जन्मठेपेच्या कैद्यांनी शिक्षेची काही वर्षे काढल्यावर त्यांना संसार थाटण्याची मुभा मिळत असे. त्यांच्या वंशजांना इथे 'लोकल बॉर्न' म्हणतात आणि शादीपूर या वस्तीचे नाव त्याच लग्नांवरून पडले आहे. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे आदिवासी असे सगळे एकमेकांशी ज्या हिंदीत बोलतात ती ऐकण्यासारखी आहे. एखाद्या वयस्कर दुकानदाराला वेळ असेल तर त्याच्या घराण्याची गोष्ट आदराने विचारा. पणजोबा कोणत्या गुन्ह्यासाठी आले, हे मात्र आपण होऊन विचारू नये.

सामान भरताना शेवटचे एकदा मुलीच्या खिशात पाहा. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नेता येत नाही आणि विमानतळावर सामान तपासले जाते. शंख-शिंपले हवेच असतील तर परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्यावेत आणि ती पावती हातातल्या पिशवीत ठेवावी. आपण कोणत्या वारी उतरता आणि आईंना जिन्याच्या किती पायऱ्या एका दमात चढता येतात एवढे कळवलेत, तर दिवसांची अदलाबदल मी नेमकी सुचवू शकेन.